वाचणारं बोट

छापखान्यात सगळे तिला चाळणीबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं यंत्रावरच्या माणसानं, आणि तेही वैतागून. आंधळ्यांसाठी उठावाच्या ठिपक्यांची पुस्तकं काढणारा तो छापखाना. यंत्रातून निघालेलं पहिलं पान तिच्या बोटांखालून जायचं, आणि एखादा ठिपका जरी कमी-जास्त असला तरी माघारी यायचं. "ही बाई आहे की चाळणी!" असं तो एकदा बोलून गेला आणि ते तिच्या कानावर आलं. कुणालाही राग आला असता. ही उलट इतकी खूश झाली, की घरी नवऱ्याला तिनं ते एकदा चहा पिताना सांगितलं आणि एकदा भांडी विसळताना.

तिचे डोळे लहानपणीच एका तापात गेले होते. काही रंग आठवायचे, आईच्या चेहऱ्याची एक बाजू आठवायची, बाकी सगळं पुसलं गेलं होतं. पण ठिपके शिकली आणि पोरगी वाचायला जी लागली ती थांबलीच नाही. पांघरुणाच्या आत वाचायची, जेवताना मांडीवर पुस्तक ठेवून वाचायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "हिच्यापुढे दिवा मालवूनही उपयोग नाही, हिचं चालूच असतं." पुढे वाचणं हीच तिची नोकरी झाली.

काम दोघांचं होतं. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. त्यांच्या हातात मूळ छापील प्रत असायची. ती ठिपक्यांचं पान मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामासकट, परिच्छेदासकट, आणि मास्तर डोळ्यांनी मागोमाग यायचे. कुठे फरक पडला की टेबलावर पेन्सिल वाजवायचे. डाव्या हाताची तर्जनी पुढची ओळ हुडकून ठेवायची, उजव्या हाताची तर्जनी वाचायची. ती इतकी भरभर वाचायची की मास्तरांची त्रेधा उडायची.

"बाई, जरा दमानं. मी डोळस माणूस आहे, मला वेळ लागतो," असं ते म्हणायचे. ती हसायची, पण वेग कमी करायची नाही.

आधी सकाळच्या मुंग्या सुरू झाल्या. उठावं तर दोन्ही हात झोपलेले, जणू कुणी रात्रभर त्यांच्यावर बसून होतं. झटकले की जाग यायची. हात अंगाखाली आला असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. मग फोन कानाला धरला की अंगठा जड व्हायला लागला. मग ब्लाऊजची हुकं लागेनात. एकदा हातातली कपबशी सरळ खाली गेली आणि फुटल्याचा आवाज आला तेव्हा तिला कळलं, की ती हातात नव्हती. तरी तिनं कुणाला सांगितलं नाही. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या घडवायचा. त्याच्या हातांना नेहमीच काही ना काही झालेलं असायचं. हात म्हटलं की दुखायचेच, असं त्या घरात धरून चालत.

आणि मग ठिपके पुसट यायला लागले. निदान तिला तसं वाटलं. ती उठून थेट यंत्राच्या खोलीत गेली.

"ठिपके उठवायचे पत्रे झिजलेत तुमचे," ती म्हणाली. "किंवा दाब कमी पडतोय. सपाट येतंय सगळं."

"परवाच नवे घातलेत," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

"मग कागद हलका आलाय."

"कागद तोच आहे, बाई."

"मी काय खोटं बोलतेय?"

आवाज चढला. मास्तर मागोमाग आले होते. त्यांनी वादातलं ते पान हातात घेतलं, स्वतःचं बोट त्यावरून फिरवलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला तर टोचतायत हो."

ठिपक्यांतलं एक अक्षर न कळणाऱ्या माणसाच्या बोटाला जे टोचत होतं ते तिला टोचत नव्हतं. ती जागेवर येऊन बसली.

त्यानंतरचे काही आठवडे तिनं जे केलं त्याची तिला पुढे फार लाज वाटली. ती अंदाजानं वाचू लागली. वाक्याचा सूर धरला की शेपूट आपोआप येतं. इतकी वर्षं वाचलेल्या माणसाला ते काही अवघड नसतं. अर्धा शब्द बोटाला लागायचा, अर्धा डोकं पुरवायचं. मास्तरांची पेन्सिल वाजेना. वाजणार कशी? ती पानावर जे होतं ते वाचतच नव्हती, जे असायला हवं ते वाचत होती. पानावरची चूक तिच्या तोंडून बरोबर होऊन बाहेर पडत होती.

एक दिवस टेबलावर बसच्या वेळापत्रकाची पुस्तिका आली. गावांची नावं कशीबशी गेली, पण पुढे आकडे आले. आकड्यांना सूर नसतो. सहा वीस नंतर सहा पन्नासही असू शकतं आणि सात पाचही. तिनं बोट दाबून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, डाव्या हाताचं लावून पाहिलं. मास्तर वाट पाहत राहिले. खिडकीतून येणारं ऊन तिच्या कोपरावर पडत होतं ते तिला नीट कळत होतं, आणि बोटाखालचा आकडा कळत नव्हता.

तिनं पान उलटं करून ठेवलं.

"मास्तर, मला वाचता येत नाहीये," ती म्हणाली. "आज नाही, बरेच दिवस झाले. मी तुम्हाला फसवत होते."

मास्तरांची खुर्ची करकरली. "मला शंका आली होती," ते म्हणाले. "तुम्ही फारच कमी चुका काढत होतात. यंत्रावरचा तो इतका सुधारेल यावर माझा विश्वास नव्हता."

त्याच पावली ती व्यवस्थापकांच्या खोलीत गेली आणि काहीही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. गेल्या काही आठवड्यांत तिनं पुढे सोडलेली सगळी पानं थांबवावीत आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावीत. व्यवस्थापकांनी डोक्याला हात लावला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम दबका झाला. पण पानं थांबली. पूर्वी तिथेच काम केलेल्या एका बाईंना घरून बोलावून घेतलं. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात खरोखरच चुका निघाल्या. बांधणीला जायच्या आत निघाल्या एवढंच समाधान. तिनं यंत्रावरच्या माणसाची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या बाई, हात दाखवून या आधी."

हातांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांचं बोलणं सरळ होतं, हे तिला आवडलं. त्यांनी तिचं मनगट मुडपून धरायला लावलं, आणि थोड्याच वेळात बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. मनगटाच्या मधोमध टिचकी मारली तर मधल्या बोटाच्या टोकापर्यंत झिणझिण्या गेल्या. मग एकेका बोटाला कापूस लावत गेल्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट: काही नाही, किंवा लांबून आल्यासारखं. अनामिकेची गंमतच होती. एका बाजूला कापूस कळत होता, दुसऱ्या बाजूला नाही. जणू बोटाची मधोमध वाटणी झाली होती. आणि करंगळी लख्ख.

"हे असं कसं?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी तिचा तळहात उताणा धरला आणि त्यावर बोटानं रेघा काढत सांगितलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडं, वर एक जाड आडवा पट्टा. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या त्यातून जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस जाते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू त्या नसेची. आत दाटी झाली की ती चेपली जाते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून ती सुटली.

"वाचून वाचून झालं का?"

"तसं मी म्हणणार नाही. काहींचा बोगदाच मुळात अरुंद असतो. काहींना साखर असते, थायरॉईड असतं. ते तपासू. पण वाचनाला दोष देऊन तुम्ही घरी बसावं असं मला काही दिसत नाही."

तपासण्यांत साखर नव्हती, थायरॉईड नव्हतं. झोपताना मनगट सरळ ठेवायची पट्टी आली, मग एक इंजेक्शन झालं. त्यानं काही आठवडे इतकं बरं वाटलं की तिनं मनातल्या मनात डॉक्टरांना नमस्कारही करून टाकला. मग मुंग्या परत आल्या, आल्या त्या मुक्कामाला आल्यासारख्या. नसांची विजेवरची तपासणी झाली. उजव्या हाताची नस चांगलीच दबलेली निघाली, डाव्याची त्याहून कमी. डॉक्टरांनी तिला तिच्याच अंगठ्याखालचा उंचवटा चाचपायला लावला. डावीकडचा भरलेला होता. उजवीकडचा बसला होता, फुग्यातली हवा जावी तसा.

"आता थांबण्यात अर्थ नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो आडवा पट्टा कापायचा. बोगद्याचं छप्पर उघडलं की नसेला जागा मिळते. दोन तऱ्हा आहेत. एक, तळहातावर कापून, उघडं करून. दुसरी दुर्बिणीची: मनगटाच्या घडीवर छोटासा छेद, त्यातून नळी आत, आणि पडद्यावर बघत आतल्या आत पट्टा कापायचा. त्यात तळहाताची कातडी शाबूत राहते आणि हात लवकर कामाला लागतो. वर्षभरानं पाहिलं तर दोन्हींत फारसा फरक उरत नाही, हेही सांगून ठेवते."

तळहात शाबूत राहणं तिला पटलं. वाचताना तळव्याचा कडेचा भाग कागदावर टेकतो. तिथे व्रण नकोच. "आणि बोट पुन्हा वाचेल?"

"दुखणं आणि मुंग्या बहुतेक जातील. संवेदना येईल की नाही, किती येईल, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नस बरेच दिवस दबलेली आहे."

"म्हणजे मी आधीच यायला हवं होतं."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, आणि त्यामुळेच तिचा त्यांच्यावर विश्वास बसला.

घरी मात्र वादाला तोंड फुटलं.

"आधी डाव्या हाताचं कर," नवरा म्हणाला. हातात कानस होती, ती घासायची थांबली. "डावा नुसता ओळ शोधतो. काही बिघडलं तर तेवढं चालेल. जमलं तर मग उजवा."

"अहो, उजवा रोज मरतोय. डाव्याची परीक्षा बघत बसले तर तोवर उजव्याचं उरेल काय?"

"तुझं पोट त्या बोटावर आहे."

"म्हणूनच तर."

मग कानस पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात. त्याला भीती वाटत होती, हे त्या आवाजावरून तिला स्पष्ट कळलं. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. "तुम्ही कधी बिघडलेलं कुलूप सोडून धड कुलूप आधी उघडलंय का?" तिनं विचारलं. तो हसला नाही, पण कानस हळू झाली. ठरलं ते उजव्या हाताचंच.

ऑपरेशनची तारीख लांबची होती. नुसतं बसून राहणं तिच्या रक्तात नव्हतं. करंगळी लख्ख आहे ना? मग करंगळीनं वाचायचं. पहिल्या दिवशी एक ओळ वाचायला इतका वेळ लागला की पहिला शब्द शेवटच्या शब्दापर्यंत विसरला गेला. करंगळी आखूड, तिला टेकवायचं म्हणजे सगळा हात वाकडा धरावा लागे आणि कोपर दुखे. ते बोट अक्षरांवरून घसरायचं, ओळ सोडून खाली उतरायचं, मधलीच ओळ वाचून भलतंच काही सांगायचं. तिनं शाळेतलं पहिलीचं पुस्तक मागवून घेतलं आणि तिथपासून सुरुवात केली. मास्तर एकदा घरी आले तेव्हा ती तेच वाचत होती.

"बाई, करंगळी वर करून चहा पिणारे बडे लोक पाहिलेत मी," ते म्हणाले, "करंगळी खाली करून वाचणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं."

"हसा. महिन्याभरात तुम्हाला मागे टाकते."

महिन्याभरात मागे टाकलं नाही. पण गोष्टीचं एक पुस्तक संपवलं आणि मास्तरांना त्यातलं मधलंच पान उघडायला लावून वाचून दाखवलं. अंदाज नाही, शब्द न् शब्द.

ऑपरेशनच्या दिवशी हातापुरतीच भूल दिली. सुया टोचल्या तेव्हा ती दात आवळून पडून राहिली. दंडाला पट्टा आवळला. मग हात जणू तिचा राहिला नाही. बधिरपणाची तिला भीती नव्हती, त्याच्याशी तिची चांगली ओळख झाली होती. पण खोलीत चार-पाच माणसं होती आणि सगळी एका पडद्याकडे बघत होती, हे तिला त्यांच्या बोलण्याच्या दिशेवरून कळत होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "सगळ्यांना दिसतंय, मला तेवढं वाचून दाखवा."

डॉक्टर हसल्या. "बरं. मनगटाच्या घडीवर छेद घेतलाय. आता नळी पट्ट्याच्या खाली सरकवतेय. पेन्सिलीपेक्षा बारीक आहे. तुम्हाला आत काहीतरी सरकल्यासारखं वाटेल."

"वाटतंय. दुखत नाही."

"छान. आता पट्टा दिसायला हवा. पांढरा, आडव्या रेघांचा."

पांढरा तिला आठवत होता. अंगणात वाळत घातलेली एक चादर, आणि तिच्यातून येणारं ऊन. ती चादर डोळ्यांपुढे धरून ती वाट पाहत राहिली. पण डॉक्टर पुढे बोलेनात. उपकरणांचा खणखणाट थांबला. कुणीतरी कुजबुजलं.

"गप्प का झालात?"

"मला हवं तसं स्वच्छ दिसत नाहीये. पट्ट्यावर काहीतरी आडवं येतंय. ते काय आहे हे कळल्याशिवाय मी कापायचं पातं वर काढणार नाही. एकदा नळी मागे घेऊन पुन्हा घालते. तरीही दिसलं नाही तर दुर्बीण बाजूला ठेवून तळहात उघडावा लागेल. चालेल?"

तळहातावरचा व्रण, आणखी किती तरी आठवडे, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. "चालेल," ती म्हणाली. "हवं तेवढं मोठं कापा, पण न बघता कापू नका. न बघता काम करायचं खातं माझ्याकडे आहे."

खोलीत हशा पिकला आणि एकदम सैल झालं सगळं. नळी मागे गेली, पुन्हा आत सरकली. मग डॉक्टरांचा श्वास सुटलेला तिनं ऐकला.

"आला. स्वच्छ पांढरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नस बाजूला आहे, सुरक्षित. आता कापतेय. अर्धा झाला. दोन्ही कडा अलग होतायत. आणखी थोडं. झालं."

"झालं?"

"झालं. छप्पर उघडलं."

मनगटावर एकदोन टाके आणि वर जाडसर बँडेज. त्याच संध्याकाळी बोटं हलवायला सांगितली. त्या रात्री किती तरी महिन्यांनी ती सलग झोपली. सकाळी उठली तेव्हा छेदाची जागा ठणकत होती, पण मुंग्या नव्हत्या. नवऱ्यानं बातमी साऱ्या बाजाराला सांगितली. कुलूप घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकालाही सांगितली.

पण बोट वाचेना.

टाके निघाले, बँडेज सुटलं. तिनं पान पुढे ओढलं आणि उजवी तर्जनी ठेवली. ओल्या वाळूवर ठेवल्यासारखं वाटलं. खाली काहीतरी आहे, पण काय ते नाही. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यात तेच. तळहाताच्या बुडाशी दाब पडला की कळ यायची. दार ढकलायचं तर खांद्यानं. डॉक्टर म्हणाल्या, हे होतं, जाईल, नस फार सावकाश भरते, धीर धरा. धीर धरा हे शब्द ऐकले की तिला काहीतरी फेकावंसं वाटे.

त्यातच व्यवस्थापकांचा फोन आला. ते मनानं वाईट नव्हते. "बाई, टेलिफोनच्या टेबलावर जागा आहे. तुमचा आवाज छान आहे. कायमची नोकरी, हाताला त्रास नाही."

"साहेब, मी वाचणारी आहे."

"ते खरं हो, पण..."

"ते खरं असेल तर मला वेळ द्या. मी स्वतः येऊन सांगेन, जमतंय की नाही ते. नाही जमलं तर तुमचा टेलिफोन आहेच. पण ते मी सांगेन, तुम्ही नाही."

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ रडली. मग तोंड धुतलं आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम पुन्हा सुरू केले. मूठ मिटायची, उघडायची, एकेक बोट आकड्यासारखं वाकवायचं. मखमल, तरट, कापूस, ब्रश: एकेका वस्तूवरून बोट फिरवायचं आणि काय आहे ते ओळखायचं. तांदळात वाटाणे मिसळून निवडायचे. वाटाणे जमले तेव्हा मोहरी.

हे सगळं नवरा बघत होता. एक दिवस त्यानं कामावरून येताना पितळेचा पातळ पत्रा आणला आणि ठोकाठोक सुरू केली. काय करताय विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाइकाचं काम आहे." आठवडाभर गिऱ्हाइकाचं काम चाललं. मधेच तो मास्तरांकडे जाऊन आला; ते तिला वाटलं बुद्धिबळ खेळायला. मग एका संध्याकाळी त्यानं तो पत्रा तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

"वाच."

वरच्या ओळीत ठिपके मोठे होते, हरभऱ्याएवढे. खाली प्रत्येक ओळीत लहान होत गेलेले. कडा त्यानं घासून गुळगुळीत केल्या होत्या, बोटाला चिरा पडू नयेत म्हणून. या माणसाला ठिपक्यांतलं एक अक्षर येत नव्हतं. मास्तरांनी कुठूनसा तक्ता मिळवून दिला होता, आणि पत्र्याला मागून ठोकायचं म्हणजे प्रत्येक अक्षर उलटं मारायला हवं, हे त्यानं चार पत्रे वाया घालवून शिकून घेतलं होतं.

ती रोज सकाळी त्यावर बोट फिरवू लागली. मोठ्या ठिपक्यांची ओळ पहिल्याच दिवशी कळली. त्याखालची काही दिवसांनी. कधी आज आलेलं उद्या जायचं. ती नेटानं फिरवत राहिली, चिडली की उठायची, एक चक्कर मारायची, पुन्हा बसायची.

सगळ्यात खालची ओळ पुस्तकातल्या ठिपक्यांएवढी होती. तिथे बोट गेलं की नुसती कुजबुज ऐकू यावी तसं होई. एका सकाळी ती कुजबुज शब्दांसारखी वाटली. तिनं बोट मागे घेतलं, पुन्हा सुरुवातीपासून आणलं.

"हळू... जळू... येईल," ती म्हणाली.

"काय?"

"हळूजळू येईल. अहो, तुम्ही लिहिलंय तरी काय?"

"हळूहळू येईल लिहिलंय! आठवडाभर मान मोडून ठोकलंय ते!"

"पहिला ह बरोबर आहे. दुसरा सरळच मारलात मागून. ह उलटला की ज होतो. ह च्या जागी ज आहे हा." ती बोलता बोलता थांबली. तिचं बोट त्या अक्षरावर होतं. वाक्य ह मागत होतं. साऱ्या अंदाजानं ह म्हटलं असतं. बोटानं ज म्हटलं.

"कुठल्या बोटानं वाचलंस?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं तर्जनी उचलून त्याला दाखवली. मग दोघंही त्या जळूवर इतके हसले की शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

तिथून पुढे मात्र तिनं स्वतःला सूट दिली नाही. पत्रा झाला, मग जुनी पुस्तकं, मग छापखान्यातली टाकून दिलेली चुकीची पानं मास्तरांकरवी मागवून घेतली आणि त्यातल्या चुका मोजून काढल्या. पूर्वीचा वेग आला नाही. मधल्या बोटाच्या टोकाशी एक जाडसर थर राहिला तो राहिलाच. पण ज्या दिवशी टाकलेल्या पानांतली एकही चूक सुटली नाही, त्या दिवशी तिनं काठी घेतली आणि छापखाना गाठला. व्यवस्थापकांना म्हणाली, "टेलिफोन दुसऱ्या कुणाला द्या."

नियमाप्रमाणे तिची चाचणी घेतली. ती पास झाली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बोट थकलं तेव्हा ते तिनं सरळ सांगितलं आणि अर्धा तास थांबली. पूर्वी तिनं ते कधीच सांगितलं नसतं.

दीडेक महिना असा गेल्यावर ती पुन्हा व्यवस्थापकांच्या दारात उभी राहिली. "रजा हवी होती. डाव्या हाताची तारीख घेतलीय."

"अहो, आत्ता कुठे बस्तान बसतंय तुमचं! डावा चालतोय ना अजून?"

"चालतोय, तोवरच करून घेते. उजव्याला उशीर केला तो माझ्या अंगाशी आला. पुन्हा नाही करणार."

यावेळी नवऱ्यानं वाद घातला नाही; रिक्षा बोलावून आणली आणि वाटेत एकदाच विचारलं, पाणी घेतलंस का. डाव्या हाताची नळी पहिल्याच खेपेला नीट गेली. त्या हाताची संवेदना बँडेज निघायच्या आधीच परतू लागली, आणि काही आठवड्यांत डावी तर्जनी ओळी हुडकायला तयार झाली.

परत आली त्या सकाळी टेबलावर वरच्या वर्गाचं रसायनशास्त्र होतं. ठिपक्यांची नवी चिन्हं, खाली उतरवलेले आकडे, बाण, कंस. दोघांपैकी कुणालाच त्यातलं फारसं कळत नव्हतं. मास्तरांनी पुस्तक उघडून नाक मुरडलं असावं, कारण त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"हे तर मला डोळ्यांनीही वाचवत नाही," ते म्हणाले. "दुसरं काही मागून घेऊ या का?"

"नको," ती म्हणाली. तिनं बाह्या वर सारल्या, दोन्ही हात पानावर टेकवले, डाव्यानं पहिली ओळ धरली. "तुम्ही नुसतं बरोबर आहे की नाही ते बघा. मी वाचते."